बंदूक भिंतीवर, किल्ली कोणाकडे?

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मुलाला डॅलसमध्ये नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात निघेल. मुलगी दोन वर्षांपासून झुरिकला आहे. मुलगा अमेरिकेला जाणार म्हटल्यापासून त्याच्या आईचा डोळ्याला डोळा लागत नाही, सतत गोळीबाराच्या बातम्या बघत बसते. मुलगी म्हणते, स्वित्झर्लंडमध्येही घरोघर रायफली आहेत, पण इथे कुणी घाबरत नाही. मग दोष बंदुकीचा की माणसांचा? आणि राहायला, संसार करायला कुठला देश बरा, हे बंदुकांवरून ठरवता येतं का?"

मी बावीस वर्षं अमेरिकेत इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. पहिली नऊ वर्षं मिडवेस्टातल्या एका मोठ्या शहरात गेली, पुढची पश्चिमेच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात. त्याआधी एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष यवतमाळ जिल्ह्यात काढलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तिन्ही ठिकाणी मला तुकड्यातुकड्याने मिळालं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एवढं सांगते की तुमची मुलगी खरं बोलते आहे, आणि वहिनींची काळजीही खोटी नाही. मात्र ज्या बातम्या बघून त्या घाबरतात तसं काही मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता फार थोडी आहे. ज्याची खरी काळजी करायला हवी, ते बातम्यांत येतच नाही.

बंदुका मोजून देशाची तब्येत कळत नाही. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ साली जगभरातल्या सामान्य नागरिकांकडच्या बंदुकांचा अंदाज प्रसिद्ध केला. अमेरिकेत दर १०० माणसांमागे सुमारे १२० बंदुका, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. फिनलंडमध्ये ३२, स्वित्झर्लंडमध्ये २८, ब्राझीलमध्ये ८, भारतात ५, आणि जपानमध्ये शंभरात एकसुद्धा नाही. आता ब्राझीलमध्ये फिनलंडच्या पाव हिश्शाएवढ्याच बंदुका आहेत, तरी तिथे वर्षाला हजारो माणसं गोळीने मरतात. फिनलंड मात्र २०१८ पासून जागतिक आनंद अहवालात वर्षामागून वर्षं पहिला येतो. नुसत्या संख्येवर ठरत असतं तर हे उलटं दिसलं असतं.

म्हणून मी दोन गोष्टी बघते. बंदूक घरात कशासाठी आहे? आणि ती बंदूक, तिची गोळी आणि रागावलेला किंवा खचलेला माणूस या तिघांच्या मध्ये काय उभं आहे? कुठल्याही देशाची, राज्याची, अगदी एखाद्या घराचीही ही दोन उत्तरं मिळाली की पुढचं चित्र बरंचसं स्पष्ट होतं.

दुसरा प्रश्न मी शिकले तो आमच्या घरी. आजोबांकडे शेती संरक्षण परवान्याची बंदूक होती, सिंधुदुर्गात बऱ्याच शेतकऱ्यांकडे असते तशी. भातात रानडुक्कर, काजूत माकडं, त्यासाठी ती. खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी तिचीही पूजा व्हायची, झेंडूचं फूल नळीत खोचलेलं असायचं. निवडणूक लागली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. एरवी ती माजघरात उंच खुंटीवर असायची. काडतुसं मात्र आजीच्या लाकडी पेटीत, लुगड्यांच्या खाली. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. "बंदूक तुमची, काडतुसां माजी," एवढंच ती म्हणायची. एकदा बांधावरून भावकीशी वाद विकोपाला गेला. आजोबा तरातरा आत आले, खुंटीवरची बंदूक काढली आणि आजीपुढे हात पसरून उभे राहिले. आजीने चुलीवरचा भात ढवळला, झाकण ठेवलं, हात धुतले, मग म्हणाली, जेवून घ्या. आजोबा जेवले. बंदूक पुन्हा खुंटीवर गेली. त्या दहा मिनिटांचा अर्थ मला कळायला वैद्यकीचं सगळं शिक्षण आणि वर दहा वर्षं लागली.

आता तुमच्या मुलीच्या देशाकडे येते. माझी मावसबहीण बर्नजवळ राहते. तिच्याकडे गेले असताना टूनच्या लोकल गाडीत एक विशीतला मुलगा लष्करी गणवेशात समोर येऊन बसला. गुडघ्यांच्या मध्ये असॉल्ट रायफल. माझा हात आपसूक लेकीच्या खांद्यावर गेला आणि मी दार कुठे आहे ते बघितलं. ती अमेरिकेतली सवय होती. शेजारच्या आजीबाईंनी त्याला बॅग सरकवायला सांगितली, आपल्या भाजीच्या पिशवीला जागा करून घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. डब्यात दुसऱ्या कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

ती रायफल त्या मुलाची नाही, सैन्याची. तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे आणि सेवेच्या काळात शस्त्र घरी ठेवायची जुनी पद्धत आहे. दरवर्षी ३०० मीटरवर २० गोळ्यांची सक्तीची नेमबाजी असते. झुरिकला सप्टेंबरमध्ये शाळकरी मुलामुलींची नेमबाजीची जत्राच भरते. बंदूक म्हणजे कर्तव्य, गावाचा मेळा, शनिवार सकाळचा क्लब. ती शेजाऱ्यापासून वाचण्यासाठी आहे, असं तिथे क्वचितच कुणी म्हणेल. विकत घ्यायची तर बहुतेक बंदुकांना परवाना लागतो, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. भरलेलं पिस्तूल कमरेला लावून बाजारात फिरायचं असेल तर आपल्याला नेमका धोका आहे हे सिद्ध करावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि असा परवाना फार थोड्यांना मिळतो.

तरी "स्विस लोक शहाणे, म्हणून बंदुका चालतात" ही गोष्ट अर्धवट आहे. २००१ मध्ये त्सूग इथे एका माणसाने प्रांताच्या विधानसभेत शिरून १४ जणांना मारलं. त्या देशात गोळीने होणारे बहुतेक मृत्यू आजही आत्महत्या आहेत. पूर्वी प्रत्येक सैनिकाला घरी ठेवायला ५० काडतुसांचा सीलबंद डबाही मिळायचा. एका स्कीपटू महिलेचा नवऱ्याने लष्करी पिस्तुलाने खून केल्यावर देशभर चर्चा झाली आणि २००७ नंतर ते डबे परत मागवले गेले. रायफली घरात राहिल्या, गोळ्या गेल्या. रायफलीही शस्त्रागारात ठेवा, असा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. पण २०१९ मध्ये युरोपच्या कडक नियमांना जवळजवळ ६४ टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे बंदुकीवर प्रेम असलेले लोकसुद्धा मतदान करून स्वतःच्या हाताला लगाम घालून घेऊ शकतात. मला त्या देशाचं कौतुक आहे ते यासाठी.

आणखी एक गोष्ट तिथली. २००३ मध्ये स्विस सैन्याचा आकार जवळजवळ निम्मा केला, त्यामुळे घरोघरच्या लष्करी बंदुका एकदम कमी झाल्या. नंतर संशोधकांनी तपासलं तर १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवायचा नियम केला, तर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. मुलं तीच होती, ताणही तोच होता.

अमेरिकेचं उत्तर मुळातच वेगळं आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथे १७९१ पासून घटनेत आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, २०२२ मध्ये तोच हक्क घराबाहेरही नेला. पण कायद्यापेक्षा मोठा बदल लोकांच्या मनात झाला. १९९९ च्या एका पाहणीत बंदूक बाळगण्याचं मुख्य कारण म्हणून शिकार पहिली होती, संरक्षण म्हणणारे साधारण चौथा हिस्सा होते. २०२३ मध्ये प्यू रिसर्च या संस्थेच्या पाहणीत ७२ टक्के मालकांनी संरक्षण हे मोठं कारण सांगितलं. दोन पिढ्यांसुद्धा नाही, एकाच पिढीत हे झालं. शिकारीची रायफल वर्षातले अकरा महिने कपाटात पडून असते. संरक्षणाची बंदूक भरलेली, हाताशी, उशाजवळच्या खणात असावी लागते, नाहीतर ती कशाला घेतली? त्या खणापाशी पोरं पोचतात. त्या खणापाशी भांडण झालेला नवरा पोचतो. रात्री तीन वाजता जागा असलेला माणूसही तिथेच पोचतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या घरांचा मोठा अभ्यास करून २०२२ मध्ये दाखवलं, की पिस्तूल असलेल्याच्या घरात राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचा धोका बंदूक नसलेल्या घरांच्या दुपटीहून जास्त असतो, आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा सातपट. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून ती घेतली तीच ही माणसं. शहरातल्या माझ्या नऊ वर्षांत घरात घुसलेल्या चोराला मालकाने मारलेली गोळी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. बायको, प्रेयसी, भाऊ, शेजारी यांना लागलेली मोजत बसले नाही.

आता त्या न येणाऱ्या बातमीविषयी. २०२२ मध्ये अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसं गोळीने गेली. त्यातल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. साडेएकोणीस हजारांच्या आसपास खून. शाळेत, मॉलमध्ये होणारे सामूहिक गोळीबार, ज्यांच्यामुळे वहिनींची झोप गेली आहे, ते या एकूण संख्येचा अगदी लहान भाग आहेत. डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या मॉलमध्ये ६ मे २०२३ रोजी ८ जण मारले गेले, त्यात एक भारतीय तरुणीही होती. ते दुःख लहान आहे असं मी म्हणत नाही. पण त्या एका दिवशी देशभरात सरासरीने सत्तरच्या वर माणसांनी स्वतःच्या बंदुकीने जीव दिला असेल, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं गावच्या वर्तमानपत्रात फक्त निधनवार्तेत आली असतील.

हे मला यवतमाळने शिकवलं होतं, मीच ते अमेरिकेत ओळखायला वेळ लावला. तिथे गाडी दारात थांबली आणि कुणी "औषध घेतलंय" म्हणालं की आम्ही सगळे धावायचो. कीटकनाशकाचा तो वास अंगाला, कपड्यांना, जीपच्या सीटला चिकटलेला. नर्स एकामागून एक उताऱ्याच्या ॲट्रोपिनच्या कुप्या फोडायच्या, मी दर काही मिनिटांनी बॅटरी घेऊन बाहुल्या बघायची. एक पोरगा आठवतो, एकोणीस-वीसचा. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्याने चहा मागितला. काय झालं होतं रे, विचारलं तर म्हणाला, वडील म्हशीवरून सगळ्यांसमोर बोलले, फवारणीचा डबा दारातच होता. त्याला मरायचं होतं का? त्या पाच मिनिटांत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला चहा हवा होता.

ह्यूस्टनमध्ये जिवावरच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांना विचारलं तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्शाने सांगितलं, की निर्णय आणि कृती यांच्यात पाच मिनिटंही गेली नव्हती. आणि वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणून त्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. यवतमाळच्या पोराला आम्हाला तीन दिवस मिळाले. बंदूक तेवढे देत नाही. तिच्याकडे वळलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण जातातच.

श्रीलंकेने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं तिथलं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांमध्ये होतं. सरकारने सगळ्यात घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढच्या दोन दशकांत आत्महत्या सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्या. भांडणं संपली नाहीत, दारू संपली नाही, कर्ज संपलं नाही. हाताशी येणारी वस्तू तेवढी बदलली. त्याच देशात खेड्यांतल्या हजारो घरांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या देऊनही पाहिलं होतं, त्याने मात्र फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी स्वतः अमेरिकेत कुलपं वाटते, आणि नुसत्या कुलपाने भागतं असं मला वाटत नाही. कायदा आणि घरातलं माणूस, दोन्ही लागतात.

आमच्या छोट्या गावातली एक गोष्ट, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून. साठीतला एक गुरांचा शेतकरी छातीत धडधडतं म्हणून आला. हृदय ठीक होतं. सहा आठवडे झोप नव्हती, जेवण नव्हतं, बँकेचा हप्ता थकला होता. बायको पडद्यामागून मला खुणावत होती. घरात अकरा बंदुका, काही वडिलांच्या, काही हरणांच्या शिकारीच्या. मी त्याला "बंदुका टाकून दे" म्हटलं असतं तर तो तिथूनच उठून गेला असता, आणि त्याला मी दोषही दिला नसता. मी विचारलं, मित्र जास्त प्यायला तर गाडीची किल्ली कोण ठेवतं? तो म्हणाला, मीच ठेवतो. मग हे दिवस सरेपर्यंत या अकरांची किल्ली तुमच्या भावाने ठेवली तर? तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, भावाकडे पिकअप आहे.

दहा भावाकडे गेल्या. एकाकी घर, जवळचं पोलीस ठाणं पाऊण तासावर, म्हणून एक पिस्तूल बायकोला हवं होतं. विभागात आम्ही केबलची कुलपं फुकट देतो. प्लॅस्टिकच्या आवरणातली तार, करंगळीएवढी जाड. पिस्तूल रिकामं करायचं, वरचा भाग मागे ओढून अडकवायचा, तार वरच्या खिडकीतून आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची आणि दोन्ही टोकं कुलपात बसवायची. मग त्यात गोळी भरताच येत नाही. नर्सने टेबलावर निळ्या प्लॅस्टिकच्या नमुना पिस्तुलावर तिला ते तीनदा करायला लावलं. किल्ली तिने गळ्यातल्या साखळीत ओवली. दुसऱ्या वसंतात तो कुंपणाच्या तारेने हात कापून आला. टाके घालताना म्हणाला, बंदुका परत आल्या, त्या पिस्तुलाची किल्ली अजून तिच्याकडेच आहे.

डॉक्टरने हा प्रश्न विचारायचाच नाही, असाही कायदा झाला होता. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना रुग्णाच्या बंदुकांबद्दल विचारायला जवळजवळ बंदी घातली. २०१७ मध्ये न्यायालयाने तो मुख्य भाग रद्द केला. ती सहा वर्षं मला फार लागली. गाडीच्या सीटबेल्टबद्दल विचारायचं, सिगारेटबद्दल विचारायचं, आणि २०२० पासून देशातल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण ठरलेल्या वस्तूबद्दल गप्प बसायचं?

इथे एक सावधगिरी. बंदूक नसली की माणूस सुखी होतो, असं मात्र नाही. जपानमध्ये बंदूक मिळवायची तर वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, मानसिक तपासणी, पोलिसांची घरच्यांकडे, शेजाऱ्यांकडे चौकशी; गोळ्या वेगळ्या कुलपात, दरवर्षी तपासणी. सामान्य माणसाला पिस्तूल तर मिळतच नाही. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना मारणाऱ्याला बंदूक घरी बनवावी लागली. इतकं असूनही जपानमधलं आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी नाही. एकटेपणा, कामाचं ओझं, लाज यांना कुलूप लागत नाही. तरी २००३ मध्ये तिथे ३४ हजारांवर गेलेला वार्षिक आकडा पुढे वीस-बावीस हजारांच्या आसपास आला, आणि त्यामागे सरकारने मन लावून केलेलं काम आहे.

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. उजव्या विचारांचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी स्वतःच्याच मतदारांचा रोष पत्करून काही दिवसांत सगळ्या राज्यांना एका कराराला आणलं. सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. बंदूक हवी तर खरं कारण दाखवा. शेती, शिकार, नेमबाजी चालेल, स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. आणि २८ दिवस थांबा. त्या २८ दिवसांत मला आजीच्या चुलीवरचा भात दिसतो.

आपल्याकडेही "कशासाठी" हा प्रश्न विचारावा लागेल. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य घेऊन आला. त्या बंदुकीचा मला अभिमान आहे, ती शिस्तीची आणि धीराची बंदूक आहे. पण वाढदिवसाच्या फलकावर कमरेला पिस्तूल लावून उभा राहिलेला तरुण, वरातीत हवेत गोळी झाडणारा पाहुणा, खिशातला गावठी कट्टा, ही दुसरी बंदूकही आपल्यात आहे. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने तपासले गेले आणि त्यातले पुष्कळ रद्द झाले. भारतात बंदुका कमी आहेत त्या १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे, आपण स्वभावाने शांत आहोत म्हणून नाहीत. तो कायदा सैल करायची भाषा कुणी केली की माझ्या पोटात गोळा येतो.

आयुष्य कुठे बरं, याचं उत्तर मी पगार आणि हवेवरून देत नाही. डोक्यात किती जागा मोकळी राहते, यावरून देते. माझी लेक बालवाडीत असताना एका संध्याकाळी तिने सगळ्या बाहुल्या कपाटामागे ओळीने बसवल्या, खोलीतला दिवा मालवला आणि कुजबुजली, "आवाज नाही करायचा, वाईट माणूस गेला की बाई दार उघडतील." शाळेत त्या दिवशी गोळीबाराची रंगीत तालीम झाली होती. ती रडत नव्हती, खेळत होती. मी रात्रपाळीला गेले आणि गाडीत बसून रडले. त्या मुलांपैकी बहुतेकांवर तशी वेळ कधीच येत नाही, तरी ती तालीम प्रत्येकाच्या बालपणात असते. हे कुठल्या निर्देशांकात धरतात मला सांगा. २०२३ च्या एका राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या दर पाचांमागे एका प्रौढाने सांगितलं, की आपल्याला कधी ना कधी बंदूक दाखवून धमकावलं गेलं आहे. आणि जवळजवळ तितक्याच जणांच्या घरातलं एक माणूस बंदुकीने गेलं होतं.

तरी मी इथेच राहिले. बर्फात गाडी रुतली तेव्हा रात्री दोन वाजता जो शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला, त्याच्या घरात सात बंदुका आहेत. शिकारीहून आल्यावर तो सगळ्या गल्लीला मांस वाटतो, आमच्या घरी शाकाहार म्हणून बायकोच्या हातचा जॅम पाठवतो. अशा माणसाला मी शत्रू मानू शकत नाही, आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय इथे काही बदलणारही नाही.

आता तुमच्या मुलाचं. अमेरिका हा एक देश म्हणून मोजू नका. २०२१ मध्ये बंदुकीने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण मॅसॅच्युसेट्समध्ये लाखामागे साडेतीनच्या आसपास होतं, न्यू जर्सीत पाच, टेक्सासमध्ये साडेपंधरा, मिसिसिपीत चौतीस. शहरातही खून काही ठरावीक वस्त्यांत एकवटलेले असतात, आणि ते दुःख मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय तरुणांच्या वाट्याला येतं. नोकरदार भारतीय मुलगा जिथे घर घेतो तिथला धोका राज्याच्या सरासरीहून पुष्कळ कमी असतो.

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या दारांवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांच्या पाट्या दिसतील. त्यांचा अर्थ इथे पिस्तूल आणू नका. रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली तर हॉर्न दाबत बसायचं नाही, हातवारे तर मुळीच नाहीत, सरळ पुढे निघायचं. हे मी घाबरवायला सांगत नाही, तिथे वाढलेली माणसंही हेच करतात. आणि तो एच-वन-बी व्हिसावर असेल तर बंदूक जवळ बाळगणं त्याला केंद्रीय कायद्याने मना आहे. शिकारीचा परवाना असल्यासारखे थोडे अपवाद आहेत. मित्रांबरोबर हौसेने नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधी हे त्याने वकिलाला विचारावं.

वहिनींना सांगा, बातम्या कमी बघा आणि फोनवर त्याला नीट विचारा. झोप लागते का, जेवतोस का, कुणाशी बोलतोस का. पहिलं वर्ष एकटेपणाचं असतं आणि आपली मुलं ते सांगत नाहीत. फार खचल्यासारखा वाटला तर तिथे ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आपल्याकडे टेलिमानसचा १४४१६. घर भाड्याने घेताना रूममेट असेल तर करारावर सही करण्याआधी त्याने साधं विचारावं: घरात बंदूक आहे का, असली तर कुठे ठेवतोस, आणि किल्ली कोणाकडे असते? पुढे लग्न होऊन पोरं झाली, ती दुसऱ्यांच्या घरी खेळायला जाऊ लागली, की हाच प्रश्न त्यांच्या आईबापांना. मी लेकीच्या प्रत्येक मैत्रिणीच्या घरी विचारलं, आधी आमच्या घरात नाही हे सांगून. आजवर कुणी रागावलं नाही. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी कपाट आणलं.